जादू शिकणाऱ्याने पुढे काय वाचावे?

शाळेच्या स्नेहसंमेलनात, विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात किंवा शनिवारच्या शेवटच्या तासाला जादूचे चार-दोन प्रयोग करून दाखवणारे शिक्षक आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. कोणी हळदीने माखलेल्या कागदावर चुन्याची निवळी शिंपडून 'रक्ताचे' डाग उमटवतो, कोणी मुठीतले नाणे नाहीसे करतो, कोणी मनात धरलेला आकडा ओळखतो. हे प्रयोग बहुधा एखाद्या शिबिरात पाहिलेले किंवा सहकाऱ्याकडून शिकलेले असतात. असे पाच-सात प्रयोग हाताशी आले आणि मुले 'सर, अजून एक' म्हणू लागली, की शिक्षकापुढे प्रश्न उभा राहतो : पुढचे शिकायचे तर कोणते पुस्तक घ्यावे?

नांदेडहून किनवटकडे जाणाऱ्या वाटेवर भोकर हे तालुक्याचे गाव आहे. तिथल्या एखाद्या शिक्षकाला हा प्रश्न पडला आहे अशी कल्पना करू. त्याच्या हाताशी सहज काय येते? एक तर 'जादूचे एकशे एक खेळ' या धर्तीची पातळ पुस्तके. त्यांत प्रत्येक प्रयोगाला सहा ओळी, आणि त्या सहा ओळींवरून प्रयोग कोणालाही जमू नये अशी व्यवस्था. दुसरीकडे 'इंद्रजाल' नावाची जाडजूड पुस्तके, ज्यांत हातचलाखी, वशीकरण आणि ताईत एकाच पानावर सुखाने नांदतात. तिसरीकडे मोबाइलवरच्या चित्रफिती. त्यांत कृती दिसते, पण ती का जमते हे क्वचितच कोणी सांगते.

आमच्या मते या निवडीला इतिहासाचा चांगला उपयोग होतो. जादूवरच्या ग्रंथांची परंपरा फार जुनी आहे. ती चाळून पाहिली तर प्रत्येक पुस्तकाला विचारण्याजोगा एक प्रश्न हाती लागतो : हे पुस्तक कोणासाठी लिहिले आहे? फसवणाऱ्यासाठी, फसणाऱ्यासाठी, शिकणाऱ्यासाठी, की कारण शोधणाऱ्यासाठी?

भानामतीच्या मुलखात

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. हिंदीत 'भानुमती का पिटारा' म्हणजे जिच्यातून काहीही निघू शकते अशी पोतडी. तो शब्द ऐकून माणूस हसतो. मराठवाड्यात मात्र 'भानामती' म्हटले की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. घरावर दगड पडणे, दोरीवर वाळत घातलेले कपडे पेटणे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटणे, बायकांनी भुंकू लागणे ही भानामतीची लक्षणे मानली जात आली आहेत. आणि मग 'ही केली कोणी?' असे विचारीत बोट वळते ते बहुधा एखाद्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे किंवा ज्याच्या मागे कोणी नाही अशा कुटुंबाकडे.

पोटॅशियम परमँगनेटच्या पुडीवर ग्लिसरीनचे थेंब टाकले की थोड्या वेळाने आपोआप ज्वाळा उठते, हे ज्या मुलाने वर्गात पाहिले आहे त्याच्या मनात कपडे पेटल्याची बातमी ऐकून निदान एक प्रश्न तरी येतो : त्या कपड्यांजवळ शेवटी कोण गेले होते? अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा अनुभव असा की, या प्रकारांमागे माणसाचाच हात असतो, आणि तो बहुधा घरातल्याच, कोणत्या तरी कोंडीत सापडलेल्या माणसाचा असतो. त्या माणसाला शिक्षेपेक्षा मदतीची गरज असते. पण तिथवर पोचायला आधी 'हे माणूस करू शकतो' एवढे तरी पटावे लागते. जादू शिकलेला शिक्षक हे पटवू शकतो. म्हणून तो काय वाचतो याला महत्त्व आहे.

फसवणाऱ्यासाठी लिहिलेली पाने

आपल्याकडे जादूला कलेचा मान फार पूर्वीपासून आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत इंद्रजाल आहे आणि हस्तलाघवही आहे. सातव्या शतकातल्या हर्षाच्या 'रत्नावली' नाटकात ऐंद्रजालिक राजापुढे येऊन खेळ करतो. शंकराचार्यांनी आपला सिद्धान्त समजावताना दोरावर चढणाऱ्या मायावीचा दृष्टान्त घेतला आहे : दोरावर चढलेला दिसतो तो वेगळा, आणि जमिनीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा. म्हणजे श्रोत्यांना जादूगार परिचित होता आणि त्याचा खेळ हा भास असतो हेही ठाऊक होते.

परंतु युक्त्यांचा प्रत्यक्ष वापर कसा करावा हे सांगणारा आपला प्रसिद्ध जुना ग्रंथ म्हणजे कौटिल्याचे अर्थशास्त्र. त्याच्या चौदाव्या अधिकरणात लोकांना चकित करण्याचे योग दिले आहेत, अंग पेटल्यासारखे दाखवण्याचे आणि निखाऱ्यांवर चालण्याचेही. त्यांतले बरेचसे प्रत्यक्षात चालणारे नाहीत. तेराव्या अधिकरणातला भाग मात्र पूर्ण व्यवहार्य आहे. राजा सर्वज्ञ आहे आणि देव त्याच्याशी बोलतात असे लोकांना वाटावे म्हणून काय करावे? भुयारातून माणसे नेऊन देवाच्या पोकळ मूर्तीत बसवावीत आणि राजाने त्यांच्याशी संभाषण करावे. हेरांकडून आधीच कळलेल्या गोष्टी राजाने अंतर्ज्ञानाने कळल्यासारख्या सांगाव्यात.

आजचा एखादा बाबा भक्ताच्या घरची माहिती आधी काढून ती 'ओळखून' दाखवतो, तेव्हा तो दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला प्रयोगच करीत असतो. अर्थशास्त्राचा हा भाग अभ्यासण्याजोगा आहे, मात्र तो फसवणाऱ्याच्या हाती देण्यासाठी लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवून.

फसणाऱ्याच्या बाजूने : १५८४

या उलट टोकाचा ग्रंथ इंग्लंडमध्ये १५८४ साली प्रसिद्ध झाला. तो काळ युरोपात चेटकिणी शोधून त्यांना फासावर किंवा चितेवर चढवण्याचा होता. केंट परगण्यातल्या रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या गृहस्थाला हे पाहवेना. आरोप होत होते ते गरीब, म्हाताऱ्या, निराधार बायकांवर. स्कॉटने 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' हा मोठा ग्रंथ लिहून चेटूक ही गोष्टच नाही असे प्रतिपादन केले. त्यातल्या एका भागात त्याने बाजारातल्या खेळियांच्या युक्त्या उलगडून सांगितल्या : चेंडू कसे नाहीसे होतात, नाणे कसे लपवतात, कापलेले मुंडके ताटात ठेवून बोलते कसे करतात. हेतू असा की, जे पाहून लोक सैतानाचे नाव घेतात ते साधा माणूस साध्या हाताने करू शकतो हे दिसावे.

त्या ग्रंथात खोट्या सुऱ्यांची आणि दाभणांची चित्रे आहेत. जिभेतून आरपार गेलेले दिसावे म्हणून एक दाभण मध्ये वाकवून तिथे जिभेपुरती जागा ठेवलेली आहे. आपल्याकडच्या चमत्कार-सादरीकरणात जिभेत खुपसलेला त्रिशूळ ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना ती वाकवलेली जागा लगेच ओळखू येईल. चारशेहून अधिक वर्षे झाली, देश बदलला, युक्ती तीच राहिली.

स्कॉटची आणखी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. युक्त्या फोडताना त्याला संकोच वाटत होता, कारण त्यांवर गरीब खेळियांचे पोट चालत होते, आणि तसे त्याने लिहूनही ठेवले आहे. खेळिया जर 'ही माझ्या हाताची करामत आहे' असे मान्य करीत असेल तर त्याच्या कलेत काही वाईट नाही. तो देवाचे किंवा दैवी शक्तीचे नाव घेऊ लागला की मात्र दोष येतो. करमणूक आणि फसवणूक यांमधली ही रेघ आजही इतकीच स्पष्ट ओढता येते. इंग्लंडचा पुढे राजा झालेला सहावा जेम्स स्कॉटलंडचा राजा असताना त्याने १५९७ साली स्वतः ग्रंथ लिहून स्कॉटच्या मताला विरोध केला. म्हणजे पुस्तक योग्य ठिकाणी लागले होते.

स्कॉटची परंपरा पुढे आपल्याकडेही आली. केरळात जन्मलेले आणि श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. अब्राहम कोवूर (१८९८–१९७८) यांनी बाबा-बुवांच्या दाव्यांना जाहीर आव्हाने दिली आणि आपले अनुभव पुस्तकरूपाने मांडले. बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनी गावोगाव चमत्कार करून दाखवले आणि त्यांची कृती व कारण लिहून ठेवले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीमार्फत हे काम शाळांपर्यंत नेले. 'भ्रम आणि निरास', 'तिमिरातुनी तेजाकडे' ही त्यांची पुस्तके मराठीत सहज मिळतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे, लोकांना फसवणे किंवा त्यांच्यात दहशत निर्माण करणे हा या कायद्याने गुन्हा ठरतो. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. रंगमंचावरच्या जादूगाराला या कायद्याने भिण्याचे कारण नाही. स्कॉटने ओढलेली रेघच इथे कलमांच्या भाषेत आली आहे.

शिकणाऱ्यासाठी

आता ज्यांच्यावरून प्रत्यक्ष शिकता येते अशा पुस्तकांकडे वळू. जुन्या पुस्तकांत युक्तीचे गुपित सांगितलेले असे, पण हात कुठे ठेवावा, नजर कुठे असावी, बोलावे काय, हे नसे. ही उणीव भरून काढली ती एका वकिलाने. अँजेलो ल्यूइस या इंग्रज बॅरिस्टरने 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनावाने १८७६ साली 'मॉडर्न मॅजिक' लिहिले. गुपित कळणे आणि प्रयोग जमणे यांत फार अंतर असते हे त्याने ओळखले होते, म्हणून त्याने सरावाच्या पायऱ्या लिहिल्या. सगळे उघड झाल्याने जादूचा धंदा बुडाला नाही. उलट पुढच्या पिढीतले पुष्कळ जादूगार त्याच पुस्तकावर तयार झाले. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात हार्लन टारबेल यांनी टपालाने पाठवायचे साठ धडे तयार केले. पुढे त्यांचे खंड निघाले.

आजच्या शिक्षकाने या गटातून एकच पुस्तक घ्यायचे असेल तर आम्ही मार्क विल्सन यांचा 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक' (१९७५) सुचवू. इंग्रजी सोपे आहे, आणि चित्रे इतकी आहेत की शब्द अडला तरी हात अडत नाही. नाण्यांची आवड असल्यास जे. बी. बोबो यांचे 'मॉडर्न कॉइन मॅजिक' (१९५२) चांगले. मात्र त्यातले वर्णन अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरचे आहे आणि त्याचा व्यास सुमारे ३०.६ मिलिमीटर असतो. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे. तळहातात नाणे दाबून धरण्याचा सराव एक-दोन रुपयांच्या नाण्याने केला आणि जमेना, तर दोष हाताचा असेलच असे नाही. दहाचे नाणे घ्यावे.

पत्त्यांवरची पुस्तके फार आहेत. ह्यूगार्ड आणि ब्रावे यांचे 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक' नवशिक्यासाठी क्रमाने लिहिलेले आहे. १९०२ साली शिकागोत छापलेले एस. डब्ल्यू. अर्डनेस यांचे 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' प्रसिद्ध आहे. लेखकाचे खरे नाव कोणालाच नक्की ठाऊक नाही हाही त्याच्या प्रसिद्धीचा एक भाग. पण ते जुगारातल्या लबाडीपासून सुरू होते आणि अवघडही आहे. त्याची घाई नको. शिवाय खेड्यातल्या वर्गात मास्तरांच्या हाती पत्ते दिसले की पालकांच्या मनात वेगळेच येते. जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून त्यांवर आकडे आणि रंग काढले तर बहुतेक गणिती प्रयोग तेवढ्यावर होतात.

आपल्या रंगमंचावरच्या जादूची परंपरा मात्र पुस्तकांपेक्षा घराण्यांतून आली आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे, त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र या तीन पिढ्यांची परंपरा मराठी प्रेक्षकांना माहीत आहे. गारुडी आणि मदारी यांची विद्या तर पूर्णपणे तोंडी. बापाने मुलाला खांद्यावरच्या झोळीबरोबर दिलेली. तिच्याकडे शेवटी पुन्हा येऊ.

कारण शोधणाऱ्यासाठी

चौथा गट विज्ञान शिकवणाऱ्याला सर्वांत जवळचा. इथे पुस्तक 'कसे' यावर थांबत नाही, 'का' विचारते.

एक प्रयोग पाहू. वीस पट्ट्या घ्या, दहा तांबड्या आणि दहा काळ्या. एक तांबडी, एक काळी अशा आळीपाळीने त्यांचा गठ्ठा करा. सर्वांत वर तांबडी असू द्या. आता वरून विषम संख्येने, म्हणजे नऊ किंवा अकरा पट्ट्या उचलून शेजारी ठेवा. दोन गठ्ठे झाले. एका विद्यार्थ्याला बोलावून सांगा : डोळे मिटून, मनात येईल त्या गठ्ठ्याची वरची पट्टी उचल आणि समोर पालथी ठेव. असे करीत दोन्ही गठ्ठे संपव. क्रम पूर्णपणे त्याच्या मर्जीचा. नंतर तयार झालेल्या गठ्ठ्यातून दोन-दोन पट्ट्यांच्या जोड्या काढा. दहाच्या दहा जोड्यांत एक तांबडी आणि एक काळी निघेल.

कारण असे : सुरुवातीला दोन गठ्ठ्यांवर वेगवेगळे रंग आहेत. विद्यार्थ्याने समजा तांबडी उचलली. तिच्याखाली काळी आहे, आणि दुसऱ्या गठ्ठ्यावर काळी आहेच. म्हणजे दुसरी पट्टी त्याने कुठूनही उचलली तरी ती काळीच. जोडी पुरी झाली. ती झाल्यावर दोन गठ्ठ्यांवर पुन्हा वेगवेगळे रंग येतात, आणि तोच युक्तिवाद पुन्हा सुरू होतो. एखादा गठ्ठा आधी संपला तरी उरलेला गठ्ठा आळीपाळीचाच असल्याने जोड्या बिघडत नाहीत. विद्यार्थ्याला स्वातंत्र्य असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते दर दोन पट्ट्यांमागे एकदाच असते. हे तत्त्व नॉर्मन गिलब्रेथ या गणिताच्या अभ्यासकाने १९५८ साली जादूगारांच्या एका मासिकात मांडले.

'एकशे एक खेळ' छापाचे पुस्तक यातली फक्त कृती देईल. मार्टिन गार्डनर यांचे 'मॅथेमॅटिक्स, मॅजिक अँड मिस्टरी' (१९५६) अशा प्रयोगांमागचे गणित उलगडते. पर्सी डायकोनिस आणि रॉन ग्रॅहम यांचे 'मॅजिकल मॅथेमॅटिक्स' गिलब्रेथच्या तत्त्वापासून निघून मँडेलब्रॉट संचापर्यंत वाचकाला नेते.

या डायकोनिस यांची कथा आमच्या विषयाच्या गाभ्याची आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी घर सोडून ते डाय व्हर्नन या नामांकित जादूगाराबरोबर फिरू लागले. पत्त्यांतल्या शक्यतांचा हिशेब समजावा म्हणून त्यांनी विल्यम फेलर यांचे संभाव्यताशास्त्रावरचे पुस्तक विकत घेतले. ते वाचता येईना, कारण त्याला कलन यायला हवे होते. मग त्या एका पुस्तकासाठी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये रात्रीच्या महाविद्यालयात नाव घातले. १९७४ साली त्यांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. पत्त्यांचा जोड पुरेसा मिसळायला साधारण सात वेळा पिसावा लागतो, हा डेव्ह बायर यांच्याबरोबरचा त्यांचा १९९२ सालचा निष्कर्ष आज पाठ्यपुस्तकांत आहे.

जादूगारांच्या इतिहासात याच्या उलट दिशेची कथाही आहे. फ्रान्सचे रॉबेअर-हूदँ (१८०५–१८७१) हे घड्याळजी. पुस्तकविक्रेत्याने घड्याळांवरच्या ग्रंथाऐवजी चुकून करमणुकीच्या प्रयोगांचे खंड बांधून दिले आणि आपण जादूगार झालो, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. ते आत्मचरित्र रोचक आहे, पण जपून वाचावे, कारण त्यात रंग भरलेला आहे. १८५६ साली फ्रेंच सरकारने त्यांना अल्जीरियात पाठवले. तिथल्या फकिरांचा प्रभाव कमी करणे हा हेतू. त्यांनी लोखंडी तळाची पेटी ठेवली, खाली विद्युत्चुंबक, आणि एका धट्ट्याकट्ट्या माणसाला 'तुझी शक्ती मी काढून घेतली' असे सांगितले. त्याला पेटी उचलेना. हे सारे कसबाचे काम होते असे लोकांना सांगण्याची व्यवस्था नंतर केली, असेही ते लिहितात. पण त्या क्षणी एका चमत्काराच्या जागी दुसरा, साम्राज्याच्या सोयीचा चमत्कार बसवला गेला होता. शिक्षकाने हा मोह टाळावा. 'बाबापेक्षा आमचे सर भारी' एवढेच मुले घरी घेऊन गेली, तर प्रयोग फुकट गेला.

'का' या प्रश्नाची दुसरी बाजू मनाची. बुद्धिमापनामुळे शिक्षकांना परिचित असलेले आल्फ्रेद बिने यांनी १८९४ साली जादूगारांच्या हातचलाखीच्या मानसशास्त्रावर निबंध लिहिला. हात डोळ्यापेक्षा चपळ असतो असे आपण म्हणतो. खरे कारण लक्षाचे आहे. १९९९ साली सायमन्स आणि शाब्रिस यांनी लोकांना चेंडूफेकी मोजायला लावली. त्याच चित्रफितीत मधून चालत गेलेला गोरिलाचा वेष घातलेला माणूस सुमारे निम्म्या लोकांना दिसलाच नाही.

आम्हा संशोधकांनाही ही पुस्तके लागतात. निसर्ग गुंतागुंतीचा असला तरी मुद्दाम खोटे बोलत नाही, त्यामुळे लबाडी ओळखण्याची सवय प्रयोगशाळेत लागत नाही. १९२४ साली अमेरिकेत 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाने परलोकवाद्यांच्या दाव्यांची तपासणी केली, तेव्हा समितीत हुडिनी या जादूगाराला घ्यावे लागले. १९७९ पासून सेंट लुईसच्या एका विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत दोन तरुण जादूगारांना मनःशक्तीचे धारक म्हणून अभ्यासले जात होते. जेम्स रँडी यांनी ते मुद्दाम पाठवले होते. शास्त्रज्ञांना हे १९८३ साली त्यांनी जाहीर केल्यावर कळले.

पुस्तक घेण्यापूर्वी

वरच्या इतिहासातून आम्ही चार कसोट्या काढतो. पहिली : पुस्तक हातचलाखीला हातचलाखी म्हणते का? मंत्र आणि युक्ती एकाच पानावर असतील तर ते परत ठेवावे. दुसरी : सरावाच्या पायऱ्या आहेत का? तिसरी : रसायनांचा धोका सांगितला आहे का? ॲल्युमिनियमचे नाणे हातात गरम होऊन 'विभूती' पडते, त्या प्रयोगात पाऱ्याचा विषारी क्षार असतो. हे न सांगणारे पुस्तक शाळेत येऊ नये आणि तो प्रयोग मुलांच्या हाती कधीही देऊ नये. चौथी : पुस्तक 'का' पर्यंत जाते का?

आणि ऐकीव गोष्टींपासून सावध. अधांतरी उभा राहणारा दोर आणि त्यावर चढून नाहीसा होणारा मुलगा, ही 'भारतीय दोराची जादू' जगभर गाजली ती 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राने ऑगस्ट १८९० मध्ये छापलेल्या एका बनावट बातमीमुळे. चार महिन्यांनी पत्राने ती कल्पित असल्याचे कबूल केले, पण तोवर ती पुस्तकांत शिरली होती. पीटर लॅमाँट यांनी २००४ साली हा सारा प्रवास पुस्तकरूपाने मांडला आहे. भारताविषयी जादूची जुनी इंग्रजी पुस्तके वाचताना हे उदाहरण जवळ ठेवावे.

खर्चाचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. स्कॉट, हॉफमन, अर्डनेस आणि रॉबेअर-हूदँ यांच्या ग्रंथांचे हक्क संपले आहेत आणि ते 'इंटरनेट आर्काइव्ह'वर मोफत वाचता येतात. दाभोलकरांची पुस्तके आणि विल्सन, गार्डनर यांची दोन, एवढी तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घ्यावीत असा अर्ज चार शिक्षकांनी मिळून करता येईल. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते. वाचकांची मागणी लेखी असली की पुस्तकनिवडीत तिचा विचार व्हायला हरकत नसावी.

राहिली ती न छापलेली विद्या. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत रस्त्यावर खेळ करून पैसे मागणाराही भिकाऱ्यांत धरला गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सापाचे खेळ बंद झाले, आणि प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्या झोळीत साप एकटा नव्हता. वाट्या आणि गोळ्यांचा खेळ होता, आंब्याच्या कोयीतून रोप उगवण्याचा खेळ होता, आणि त्यांबरोबर बोलायची एक खास भाषा होती. या कलावंतांच्या पुढच्या पिढीतली मुले आज आपल्याच शाळांत बसत असतील. एखाद्या आजोबांना शाळेत सन्मानाने बोलवावे, त्यांना मानधन द्यावे आणि खेळ पाहावा. त्यांनी परवानगी दिली तर खेळांची नावे, बोलणे आणि कोणाकडून शिकले हे मुलांकडून वहीत उतरवून घ्यावे. गुपिते सांगायची की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवावे, कारण त्यांनी कधी देवाचा दावा केलेला नाही. भोकरच्या शिक्षकाला हवे असलेले पुस्तक मराठीत अजून लिहिले जायचे आहे. त्याची पहिली पाने अशा वहीत तयार होऊ शकतात.